पुलांचे चावडी वाचन : वहीतून एक्सेलमध्ये, एक्सेलमधून प्रणालीत

१/
१९२८ हे साल दोन पुलांच्या इतिहासात येते. त्यातला एक अमेरिकेतील ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ आणि दुसरा रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवर उभा असलेला दगडी कमानींचा पूल. पहिला १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला, दुसरा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. दोन्ही दुर्घटनांनंतर सरकारपुढे एकच प्रश्न उभा राहिला : असे आणखी किती पूल आहेत आणि त्यांची खरी अवस्था कोणत्या कागदावर लिहिलेली आहे?

२/
हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. रस्ते, पूल, मोऱ्या, जलवाहिन्या यांच्या नोंदी एक्सेल शीटमधून काढून संगणकीय व्यवस्थापन प्रणालीत भरण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. बहुतेक कार्यालयांत त्याकडे निव्वळ नकलेचे काम म्हणून पाहिले जाते. इथले रकाने तिथे भरायचे, एवढेच. पुलांचा आणि नोंदींचा इतिहास पाहिला तर ही समजूत किती महाग पडते, ते कळते.

३/
सिल्व्हर ब्रिज पडला तेव्हा सायंकाळची वेळ होती. नाताळ दहा दिवसांवर आला होता आणि पुलावर वाहनांची दाटी होती. ४६ माणसे मृत्युमुखी पडली. हा झुलता पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता. त्यातल्या एका पट्टीच्या टोकाला, डोळ्यापाशी, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीचा तडा होता. तेवढ्या तड्याने पट्टी तुटली आणि संपूर्ण पूल काही क्षणांत नदीत गेला.

४/
तोवर अमेरिकेत पूल तपासण्याची देशभर एकसारखी अशी पद्धतच नव्हती. १९६८ च्या कायद्याने ती घालून देण्याचे ठरले आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय मानके आली. त्यांनुसार पुलाची तपासणी साधारणपणे दर दोन वर्षांनी करायची, त्याच्या प्रमुख भागांना ० ते ९ असे गुण द्यायचे आणि सारे एका राष्ट्रीय सूचीत नोंदवायचे. आज त्या सूचीत सहा लाखांहून अधिक पूल आहेत आणि ती कोणाही नागरिकाला पाहता येते.

५/
येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत कशी साठवावी, याचा पाया घालणारा एडगर कॉड यांचा निबंध १९७० सालचा. पुलांची राष्ट्रीय मानके १९७१ ची. पहिले गाजलेले स्प्रेडशीट ‘व्हिजिकॅल्क’ मात्र १९७९ मध्ये बाजारात आले. म्हणजे स्प्रेडशीट ही जुनी, मागासलेली पायरी आणि प्रणाली ही नवी, हा समज कालक्रमाला धरून नाही. नोंदी नीट ठेवण्याचे शास्त्र आधी आले. सोय नंतर आली आणि तिने शास्त्राला बाजूला सारले.

६/
व्हिजिकॅल्कची कल्पना डॅन ब्रिकलिन यांना हार्वर्डमध्ये व्यवसाय व्यवस्थापन शिकत असताना सुचली. फळ्यावर मांडलेल्या हिशोबात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते आपोआप बदलावेत, एवढीच मूळ गरज होती. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने ते प्रत्यक्षात उतरले. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले, १९८५ मध्ये एक्सेल.

७/
हे साधन हिशोबासाठी घडले होते. कार्यालयांनी त्याचे दप्तर केले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. एक्सेल प्रत्येक संगणकावर असते, त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, वरिष्ठांनी सायंकाळी मागितलेली माहिती रात्रीपर्यंत देता येते. चाळीस मोऱ्या सांभाळणाऱ्या लहान नगरपरिषदेला ते आजही पुरेसे ठरू शकते. तथापि या सोयीबरोबर जुन्या दप्तराचा एक गुण नाहीसा झाला.

८/
तो गुण पाहण्यासाठी मागे जावे लागते. भारतात सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ मध्ये, डलहौसीच्या काळात स्थापन झाले. त्या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र म्हणजे मोजमाप पुस्तिका, अभियंत्यांच्या बोलण्यातील ‘एम.बी.’. तिच्या पानांवर छापील क्रमांक असतात. पान फाडता येत नाही, लिहिलेले खोडून नाहीसे करता येत नाही. चूक झाली तर तिच्यावर रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि तिथे स्वाक्षरी करायची.

९/
या पुस्तिकेत खोटे लिहिले जातच नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. खोटी मोजमापे आणि त्यांवरचे खटले या देशाला नवे नाहीत. परंतु खटला उभा राहू शकत होता, तो पान जागेवर असल्यामुळे. कोणी लिहिले, कोणत्या दिवशी लिहिले, कोणी बदलले, याचा माग त्या वहीतच राहत असे. नोंद आणि नोंद करणारा यांची ताटातूट होत नव्हती.

१०/
एक्सेल शीटच्या रोजच्या वापरात हा माग पुसला गेला. ‘चांगला’ या शब्दावर ‘मध्यम’ टंकले की आधीचा शब्द मागे काही न ठेवता जातो. एकाच फाइलच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अंतिम-सुधारित’ अशा प्रती फिरू लागतात. कनिष्ठ अभियंत्याची बदली होते आणि खरी प्रत त्याच्या पेनड्राइव्हमध्ये निघून जाते. नव्या माणसाच्या हाती येते ती कोणत्या साली कोणी भरली हे न सांगणारी यादी.

११/
त्याहून सूक्ष्म दोष यंत्राच्या स्वभावात आहे. भारतीय रस्त्यांवर पूल-मोऱ्यांना क्रमांक देण्याची एक रुळलेली पद्धत आहे : आधी किलोमीटर, मग त्या किलोमीटरमधील अनुक्रम. बाराव्या किलोमीटरमधील तिसरी मोरी म्हणजे १२/३. प्रवाशांना हा क्रमांक कठड्यावर रंगवलेला दिसतो. साधा, सुटसुटीत, शेतातल्या माणसालाही समजणारा क्रमांक.

१२/
तोच क्रमांक एक्सेलच्या साध्या रकान्यात टंकला की यंत्र त्याला तारीख समजते. भारतीय मांडणीच्या संगणकावर १२/३ ही १२ मार्च होते, अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ३ डिसेंबर. आत साठवला जातो तो निराळाच आकडा. २०२४ साली टंकलेल्या १२ मार्चसाठी तो ४५३६३ असेल. ही शीट जशीच्या तशी प्रणालीत ओतली तर मोरी क्रमांक ४५३६३ सरकारदरबारी जन्माला येईल. अशी मोरी कोणत्याही रस्त्यावर नसेल.

१३/
हा दोष केवळ बांधकाम खात्याच्या वाट्याला आला असे नाही. मानवी जनुकांच्या ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा संक्षिप्त नावांच्याही एक्सेलने तारखा केल्या आणि त्या चुकांसह शोधनिबंध छापले गेले. अखेरीस जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले आणि ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी नावे रूढ झाली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले.

१४/
त्याच वर्षी ब्रिटनमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. करोना चाचण्यांचे निकाल एकत्र करताना एक्सेलचे जुने फाइल स्वरूप वापरले गेले. त्यात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. परिणामी १५,८४१ बाधितांची नावे दैनंदिन आकड्यांतून गळाली आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. ओळी गळताना यंत्राने कोणालाही हाक मारली नाही.

१५/
म्हणून प्रणाली हवी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली जाहीर केली. काम आधीच सुरू झाले होते. सावित्रीची घटना तेव्हा दोन महिन्यांपूर्वीची होती. त्या मोजणीत १,७२,५१७ बांधकामे नोंदली गेली : १,३४,२२९ मोऱ्या, ३२,८०६ लहान पूल, ३,६४७ मोठे पूल आणि १,८३५ अतिलांब पूल.

१६/
या मोजणीचे मोल आकड्यापेक्षा ओळखीत आहे. प्रत्येक बांधकामाला स्वतंत्र क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि ० ते ९ या श्रेणीत अवस्थेचे गुण मिळाले. एकच पूल महसुली कागदांत गावाच्या नावाने, पाटबंधारे खात्यात नदीच्या नावाने आणि बांधकाम खात्यात किलोमीटरने ओळखला जात असेल, तर त्याच्यावर झालेला खर्च, तपासणी आणि तक्रारी कधीच एकत्र येत नाहीत. एक पूल, एक क्रमांक ही सुधारणा खरी आहे.

१७/
प्रश्न यापुढचा आहे. प्रणाली आली म्हणजे पूल सुरक्षित झाले काय? महाराष्ट्रातील तीन पुलांचे दाखले यासाठी पुरेसे आहेत. पहिला सावित्रीचा. दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. कित्येकांचे देह सापडलेच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारने सांगितले. नोंद होती. पण मे महिन्यातल्या कोरड्या पात्रात केलेली पाहणी महापुरात पाया किती तग धरेल, हे सांगू शकली नाही.

१८/
दुसरा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल. १४ मार्च २०१९ च्या सायंकाळी, घरी परतणाऱ्यांची गर्दी असताना त्याचा भाग कोसळला. ७ जण दगावले. काही महिन्यांपूर्वीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. नोंद होती, ती चुकीची होती. भरीला, पूल रेल्वेचा की महापालिकेचा, याचा वाद त्याच रात्री रंगला. अखेर तो महापालिकेचा ठरला.

१९/
तिसरा मावळातील कुंडमळ्याचा, इंद्रायणीवरचा लोखंडी पूल. १५ जून २०२५, रविवार. पर्यटकांच्या गर्दीसह पूल कोसळला आणि ४ जणांचा मृत्यू झाला. तो धोकादायक असल्याचे ठाऊक होते, तसा फलकही होता, नव्या पुलासाठी निधी मंजूर झाला होता. येथे नोंद होती आणि बरोबरही होती. त्या नोंदीमुळे अमुक दिवसापर्यंत पूल बंद करणे कोणावर बंधनकारक झाले नाही, एवढीच उणीव राहिली.

२०/
जुनी आणि मोठी सूची बाळगणारी अमेरिकाही याला अपवाद नाही. १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल कोसळून १३ जण मरण पावले. कित्येक वर्षे तो सूचीत संरचनात्मक दृष्ट्या सदोष म्हणून नोंदलेला होता. चौकशीत कारण निघाले ते मूळ आराखड्यातच अर्ध्या जाडीच्या धरलेल्या गसेट प्लेटांचे, म्हणजे पोलादी तुळयांचे सांधे जोडणाऱ्या पत्र्यांचे.

२१/
त्यातील काही पत्रे वाकलेले होते आणि ते २००३ च्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होते. छायाचित्रे दप्तरी होती. त्या वाकण्याचा अर्थ लावून पुढचा प्रश्न विचारणारा माणूस मात्र व्यवस्थेत नव्हता. ज्या गोष्टीसाठी रकाना नसतो, ती गोष्ट फाइलमध्ये असूनही दिसत नाही, हा धडा प्रत्येक प्रणालीच्या रचनाकाराने पाठ करावा असा आहे.

२२/
या पार्श्वभूमीवर ‘शीटमधून प्रणालीत’ या स्थलांतराकडे पाहिले पाहिजे. शीटमधली चूक शीटमध्ये असेपर्यंत निदान संशयास्पद वाटते. तीच चूक प्रणालीत गेली की तिला क्रमांक मिळतो, नकाशावर हिरवा ठिपका मिळतो, मंत्रालयातल्या पडद्यावर जागा मिळते. बांधकामाचे साल भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसेल, तर माहीत नसलेले साल अंदाजाने भरले जाते. आणि दहा वर्षांनी त्या अंदाजावर पुलाचे उरलेले आयुष्य मोजले जाते.

२३/
हा अनुभव महाराष्ट्राने एकदा घेतला आहे, तो सातबाऱ्याच्या बाबतीत. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा नावे, क्षेत्रे, बोजे यांत चुका शिरल्या. कोणाचे क्षेत्र घटले, कोणाचे नाव गळले. कागद तलाठ्याच्या दप्तरात आणि आकडा संगणकात, अशी दोन सत्ये एकाच जमिनीबाबत नांदू लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे देण्याआधी हा गुंता सोडवणे भाग होते.

२४/
त्यासाठी २०१७ मध्ये ‘चावडी वाचन’ मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी आक्षेप नोंदवायचे, हस्तलिखिताशी ताळा घालून दुरुस्ती करायची. सर्वच चुका निघाल्या असे नव्हे. पण तत्त्व अचूक होते : ज्याचे त्यात हित आहे, त्याच्या कानावर नोंद पडल्याशिवाय ती नोंद पक्की मानायची नाही. पुलाच्या बाबतीत हा हितसंबंधी माणूस कोण? त्यावरून रोज जाणारा.

२५/
पुलांच्या नोंदींनाही असेच चावडी वाचन हवे. शीटमधली एकही ओळ प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताळा घातल्यावाचून प्रणालीत जाऊ नये. गेलेल्या प्रत्येक नोंदीखाली अभियंत्याचे नाव व दिनांक असावा, आणि बदल झाला तर जुनी नोंद एम.बी.तल्या रेघ मारलेल्या आकड्यासारखी दिसत राहावी. त्यानंतर गावातल्या पूल-मोऱ्यांची यादी, त्यांच्या गुणांसह, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत वाचली जावी. कोणत्या मोरीवरून गेल्या वर्षी पाणी गेले, कोणत्या खांबाजवळची माती वाहून गेली, हे गावाला रकान्यापेक्षा अधिक माहीत असते.

२६/
यावर दोन आक्षेप येतात. एक, यादी उघड केली तर लोक घाबरतील. अमेरिकेची सूची उघड आहे. तिथे माणसे पुलांवरून जाणे सोडत नाहीत, पण वार्ताहर आणि लोकप्रतिनिधी प्रश्न विचारतात. दोन, इतके अभियंते कोठून आणायचे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर टप्प्यांत आहे : आधी जुने, पुराच्या पात्रातले, एसटी व शाळेच्या वाटेवरचे पूल. कमी पण पडताळलेल्या नोंदी अधिक पण नकललेल्या नोंदींपेक्षा उपयोगी पडतात.

२७/
आणखी दोन अटी कंत्राटातच लिहिल्या पाहिजेत. ठरावीक गुणांखाली गेलेल्या पुलावर किती दिवसांत वजनमर्यादा लावायची, किती दिवसांत तो बंद करायचा, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने, हे प्रणालीतच बांधलेले असावे. आदेश निघाला नाही तर तेही नोंदले जावे. दुसरी अट, कंत्राट संपले तरी सर्व नोंदी त्यांच्या पूर्वइतिहासासह शासनाच्या हाती वाचता येण्याजोग्या स्वरूपात राहाव्यात. पेनड्राइव्ह घेऊन गेलेल्या माणसाची जागा उद्या पुरवठादार कंपनीने घेऊ नये.

२८/
सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी, पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास खुला झाला. ही गती कौतुकास्पदच आहे. त्याची पहिली नोंद कोरी, निर्दोष असणार. पण जुना पूल सुमारे ८८ वर्षे उभा होता आणि त्या काळात कित्येक अभियंते, कित्येक वह्या आणि शेवटी संगणक येऊन गेले. नवा पूल वयात येईल तेव्हा त्याची नोंद कोणी, कधी आणि जागेवर जाऊन तपासली, हे महाडच्या माणसाला एका ओळीत वाचता आले पाहिजे. (समाप्त)